टाळ-मृदंगाविना दिंडी

धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या अनेकांना आठवत असेल, तास घ्यायला येणारे फादर झग्यात कमी, साध्या शर्टपँटमध्ये जास्त. हे अलीकडचं मोकळेपण नव्हे. हे फादर येशूसंघाचे, म्हणजे ‘जेझुइट’ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, आणि या संघाला ठरावीक वेश मुळातच नाही. त्या त्या गावचे सभ्य धर्मगुरू घालतात तसे कपडे घालावेत, एवढंच संस्थापक इग्नेशियस लोयोलाने सांगून ठेवलं.

तोफगोळ्याने जायबंदी झालेला लोयोलाचा पाय, संघाला 1540 साली मिळालेली पोपची मंजुरी ही कथा परिचित आहे. खरा वाद पेटला स्तोत्रगानावरून. जुन्या मठांत दिवसाच्या ठरलेल्या घटकांना, रात्रीसुद्धा, सगळ्यांनी एकत्र जमून स्तोत्रं गायची, आपल्याकडे काकड्यापासून शेजारतीपर्यंत चालतं तसं. येशूसंघाने हे वगळलं. प्रार्थना ज्याची त्याने करावी. कारण बोलावणं येताच शाळेत, रोग्याकडे, नाहीतर गोव्याच्या जहाजावर निघायचं. जुन्या मंडळींना ही टाळ-मृदंगाविना दिंडी वाटली. 1556 साली संस्थापक वारला आणि दोनच वर्षांत पोपने सामूहिक गायन सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षी तो पोप वारला, सक्ती बारगळली. नंतरच्या एका पोपने ती पुन्हा लादली, त्याच्या वारसाने काढून टाकली. ‘आज्ञापालन’ हे ज्यांचं ब्रीद त्यांनी या एका मुद्द्यावर इतका चिवटपणा दाखवावा, हे मला तरी त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं प्रकरण वाटतं.

1773 साली संघच बरखास्त झाला, 1814 साली पुन्हा उभा राहिला. मुंबईतल्या दुसऱ्या खेपेला आले ते मुख्यतः जर्मन फादर. 1869चं धोबी तलावचं कॉलेज त्यांचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे ठरवून अडकवलं, परत धाडलं. पुढे गाडा ओढला स्पॅनिश फादरांनी.

1975 साली रोमच्या महासभेत ठरलं, श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठीही झटलं पाहिजे. काहींना हे राजकारण वाटलं. पण गायनगृह सोडून रस्त्यावर निघालेल्यांना रस्त्यात न्यायाचा प्रश्न भेटणारच होता.

जुलै 2021मध्ये वांद्र्याच्या एका रुग्णालयात 84 वर्षांचे येशूसंघी फादर स्टॅन स्वामी न्यायालयीन कोठडीत असतानाच वारले. अनेक वर्षं ते झारखंडच्या आदिवासींत राहिले होते. पार्किन्सन्सने हात थरथरत, पेला धरवत नसे. तळोजा तुरुंगात असताना त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला होता.