झोप होते, पण तुकड्यांत

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या घराच्या दाराच्या कडीला आईने लाल दोऱ्याने एक घुंगरू बांधलंय. बाबांना अल्झायमर्स आहे. रात्री अडीच-तीनला उठून ते शर्ट चढवतात, खिशात कंगवा ठेवतात आणि ८.१२ची लोकल गाठायला निघतात. फोर्टातली नोकरी संपून त्यांना अठरा वर्षं झाली. घुंगरू वाजलं की आई उठते. खरं तर वाजायच्या आधीच उठते.

दिवसा ती गॅसवर दूध ठेवून उभ्या उभ्या पेंगते. "वहिनी, जरा आराम करत जा," असं फोनवर सगळेच सांगतात. दुपारी दोन तास ती आडवी होतेही. रात्रीचे पाच आणि हे दोन, बेरीज सात भरते. मग थकवा का जात नाही?

कारण झोप म्हणजे वाण्याकडचे गहू नव्हेत, की चार पुड्यांत बांधून आणले तरी वजन तेवढंच भरेल. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि मेंदूच्या संथ लहरींची गाढ झोप बरीचशी रात्रीच्या पहिल्या तृतीयांशातच होऊन जाते. मध्येच उठावं लागलं की पुन्हा हलक्या झोपेपासून सुरुवात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ६२ निरोगी माणसांवर हे तपासलं. काहींना रात्रीतून वारंवार उठवलं, काहींना उशिरा झोपायला लावलं. झोपेचे एकूण तास जवळपास सारखेच ठेवले. दुसऱ्या रात्रीनंतर उशिरा झोपणाऱ्यांची उमेद १२ टक्क्यांनी उतरली होती, उठवलेल्यांची ३१ टक्क्यांनी. हे दोन रात्रींत. आईचं हे तिसरं वर्ष.

घुंगरू न वाजलेल्या रात्रीही ती ताजीतवानी उठत नाही, याचं मला कोडं होतं. स्वीडनच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात जहाजांवरच्या ऑन-कॉल इंजिनिअरांची झोप ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्रावर, पाहिली होती. अलार्म वाजायच्या आधीपासूनच, नुसत्या धास्तीने, ती उथळ झालेली होती. आई झोपते, तिचे कान झोपत नाहीत.

आणि बाबा तरी का उठतात? दिवस-रात्रीचा ताळ ठेवणारं घड्याळ मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये असतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. अल्झायमर्समध्ये त्याच्याही पेशी झिजतात. हे कळेपर्यंत "मुद्दाम करतात" असं आईला वाटायचं. पार्किन्सन्सच्या घरांत तऱ्हा वेगळी: रुग्णाला कूस बदलायलाही मदत लागते. मदतीला उठणाऱ्या घरच्या माणसाला फरक काही पडत नाही.

याचा हिशेब शरीर ठेवतं. अमेरिकेतच ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. त्यांच्याच वयाच्या इतर १३ जणींपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. (इतकं सगळं सोसून वर जखमही करून घ्यायला त्या तयार झाल्या, याचंच मला जास्त नवल.)

तेव्हा "आराम कर" हा सल्ला मी आता कुणाला देत नाही. रात्र वाटून घ्या, असं सांगते. आमच्याकडे दहा ते तीन जागायची पाळी माझी. रात्रीचा पहिला भाग मुद्दाम आईला झोपायला दिला, कारण गाढ झोप तिथे असते. आठवड्यातून तीन रात्री नर्सिंग ब्युरोची मावशी येते. दारावर सेन्सर बसवलाय, तो माझा फोन वाजवतो. आतल्या खोलीचं दार लावून झोपायला आईला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत ती दर तासाला पाणी प्यायला बाहेर यायची.

बाकी बारीकसारीक. दुपारची डुलकी वीस मिनिटांची, जास्त झाली की डोकं जड होतं. कॅफीनचं अर्धं प्रमाण पाचेक तासांनीही अंगात उरतं, म्हणून सहाचा चहा बंद. यावर घरात भांडण झालं. सकाळी बाबांना मासुंदा तलावावर उन्हात फिरवून आणते, उजेडाने ते घड्याळ थोडं सावरू शकतं. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. रात्रीच्या उठण्यामागे लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं किंवा एखाद्या गोळीची वेळ असू शकते, ते डॉक्टरांना सांगायचं. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने नाही, पडण्याचा धोका वाढतो. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

परवा बाबा दोनदा उठले. आईला ते सकाळी माझ्याकडून कळलं. घुंगरू मात्र तिने अजून काढू दिलेलं नाही.