मनीचा डूख आणि फिनेलची बाटली

माहीमला आमच्या खालच्या मजल्यावर काकू राहतात. त्यांची मनी तीन महिने कधी गादीवर, कधी इस्त्रीच्या कपड्यांवर शू करत होती. "मी गावाला गेले होते ना, डूख धरलाय तिने," असं म्हणत काकू दोन्ही वेळा फिनेलने घर पुसायच्या. मला त्या डुखापेक्षा फिनेलची धास्ती जास्त वाटत होती.

मांजर डूख धरत नाही. शू-शीसाठी ठेवलेला मातीचा ट्रे सोडून ते भलतीकडे शू करू लागलं, तर पहिली शंका आजाराची घ्यावी. मूत्राशयाची सूज, खडे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, म्हाताऱ्या मांजराची सांधेदुखी, काहीही असू शकतं. शू करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचं खापर ट्रेवर फोडतं आणि मऊ जागा शोधतं. लघवीची तक्रार असलेल्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाची ही सूज बऱ्याचदा ताणातून चिघळते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. लपायला जागा, रोजचा खेळ, ठरल्या वेळी जेवण एवढ्यानेही पुष्कळ मांजरांचा त्रास कमी होतो. मुंबईत ताणाला काय तोटा? शेजारच्या इमारतीचं ड्रिलिंग, गणपतीतले ढोलताशे, खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर येऊन बसणारा गल्लीतला बोका.

शेपूट ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर उभ्याने पिचकारी मारणं हा प्रकार वेगळा. ती हद्दीची खूण. नसबंदी केल्यावर दहातले जवळजवळ नऊ बोके ती बंद करतात किंवा खूप कमी करतात.

आता वासाकडे वळू. मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले, त्यामुळे पाणी वाचवणारं दाट मूत्र त्यांनी वारशात दिलं. त्यात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते तयार व्हायला लागणारं कॉक्सिन हे प्रथिन जपानी संशोधकांनी शोधलं. फेलिनिनला स्वतःला वास नाही. ते हळूहळू मोडतं आणि गंधकाची उग्र संयुगं सुटतात. म्हणून सकाळी न जाणवलेला डाग संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनिन कितीतरी जास्त असतं.

यावर घरोघरचा उपाय फिनेल, आणि तोच घातक. आपलं यकृत फिनेलमधल्या फिनॉलसारख्या द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर टाकतं. हे जोडकाम करणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि विष अंगात साचत जातं. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, तीही बऱ्याच अंशी याच उणिवेमुळे. ब्लीचही नको, मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्यातून घातक वायू निघतो. ताजी शू कापडाने टिपून घ्यावी, गार पाण्याने धुवावी आणि पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा विकरयुक्त क्लीनर लावून सावकाश वाळू द्यावं.

ट्रेमधली माती मिशिगनच्या एड लो यांनी १९४७ मध्ये विकायला काढली, ती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. बारीक, बिनवासाची माती बहुतेक मांजरांना आवडते. ट्रे मांजराच्या दीडपट लांब असावा आणि रोज साफ व्हावा. काकूंचा ट्रे मोरीत, वॉशिंग मशीनला खेटून होता. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तपासणी झाली, मग तो हॉलच्या शांत कोपऱ्यात आला.

बोका असेल तर एक गोष्ट विसरू नका. तो पुन्हापुन्हा ट्रेत बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग तुंबला आहे. रक्तात पोटॅशियम वाढून एकदोन दिवसांत हृदय थांबू शकतं. सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी टॅक्सी करून दवाखाना गाठा.