हिरडीवरची लाल रेघ: एका नावाची पार्श्वभूमी

हिरड्या कुजण्याचा आजार एचआयव्हीच्या कितीतरी आधीचा. पहिल्या महायुद्धात खंदकांत दिवस काढणाऱ्या सैनिकांना तो व्हायचा. दोन दातांमधल्या हिरडीचं टोक झडायचं, रक्त यायचं, तोंडाला घाण वास सुटायचा. अपुरं खाणं, जागरण, ताण, विडी-सिगारेट ही कारणं तेव्हाच हेरली गेली होती. पुढे तो दुर्मीळ झाला आणि १९८०च्या दशकात, अचानक, धडधाकट दिसणाऱ्या तरुण माणसांत परत दिसू लागला.

१९८७ मध्ये अशा एचआयव्हीबाधित रुग्णांच्या हिरड्यांचं पद्धतशीर वर्णन झालं आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली. दाताच्या कडेने, दोन-तीन मिलिमीटर रुंदीची, पेन्सिलीने आखावी तशी लाल पट्टी. दातावर कीटण फारसं नाही आणि साफ करूनही रेघ जात नाही. या दृश्याला थेट 'एचआयव्ही हिरडीदाह' असं नाव दिलं गेलं. केसपेपरवर हे लिहिणं म्हणजे रक्ततपासणीआधीच निकाल लावणं. तीच रेघ एचआयव्ही नसलेल्यांतही सापडू लागल्यावर १९९३ मध्ये विषाणूचं नाव गाळून तिला नुसतं 'रेषीय लालसरपणा' म्हटलं गेलं. १९९९ मध्ये ती बुरशीजन्य आजारांच्या यादीत गेली, कारण मुळाशी कॅन्डिडा ही बुरशी असल्याचे पुरावे होते. २०१७च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून तिचं वेगळं खातंच बंद झालं. तरी लहान मुलांमधल्या एचआयव्हीचे टप्पे ठरवणाऱ्या जागतिक यादीत, दुसऱ्या टप्प्यावर, हे नाव होतंच. एका कागदावरून खोडलेलं दुसऱ्यावर राहतं, तसं.

माझ्या मते पहिलं नाव घाईचं होतं आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. आपल्याकडे तर ही रेघ ओळखणंही सोपं नाही. हिरड्या मुळातच सावळ्या, त्यात बायकांच्या मिश्रीचा काळपट थर. पुस्तकातल्या गुलाबी फोटोवरून शिकलेला डोळा इथे फसतो.

देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. पुण्याजवळ भोसरीत या विषयासाठी राष्ट्रीय संशोधन संस्था १९९२ मध्ये उभी राहिली. पण हिरड्यांच्या दृष्टीने खरी तारीख १ एप्रिल २००४, सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, सुरू झाली तो दिवस. तेव्हा लक्षणं बळावलेली नसतील तर सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली जाईपर्यंत थांबावं लागे. हिरड्या कुजण्याचा धोका वाढतो तोही साधारण याच आकड्याखाली. म्हणजे गोळ्या हातात पडेपर्यंत कित्येकांच्या हिरडीखालचं हाड उघडं पडून गेलेलं असायचं. आकडा टप्प्याटप्प्याने वर सरकला आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण आलं.

त्यानंतर चित्र पालटलं. गोळ्या नियमित घेणाऱ्या, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेल्या माणसाला आता बहुतेकदा होतो तो शेजाऱ्याला होतो तोच पायरिया: कीटण, तंबाखू, मधुमेह, कोरडं तोंड. वीस वर्षं औषधं घेत पन्नाशी ओलांडलेल्यांची दाढ हलते ती याच कारणांनी, आणि उपचारही तेच: खोलवर साफसफाई, तंबाखू बंद, साखर आटोक्यात. कुजणाऱ्या हिरडीला मात्र मेलेला भाग हळुवार काढणं, जंतुनाशकाने धुणं, गरजेनुसार मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक, आणि त्यासोबत गोळ्या सुटल्यात का याची चौकशी, हे सगळं लागतं. एआरटी चालू असताना हे दिसलं तर सीडी-४ आणि व्हायरल लोड पुन्हा बघायलाच हवेत.

दंतवैद्याच्या खुर्चीवरचा प्रश्न वेगळाच. 'आमच्याकडे सोय नाही' हे वाक्य एचआयव्ही असलेल्या अनेकांनी ऐकलंय. प्रत्येक रुग्णासाठी ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेली) अवजारं आणि नवे हातमोजे वापरायचेच असतात, मग वेगळी सोय कसली? १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने असा नकार भेदभाव ठरतो. तरीही पुष्कळजण फॉर्मवरचा एचआयव्हीचा रकाना कोरा सोडतात, आणि दात बघणाऱ्याला फक्त रक्त येणारी हिरडी दिसते.