अरैखिक कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धती

अनेक चलांच्या फलनाचे किमान मूल्य केवळ ग्रेडियंटच्या (फलन सर्वांत वेगाने वाढते ती दिशा व तो वेग सांगणाऱ्या सदिशाच्या) आधारे शोधण्याच्या पद्धती. हेस्टेनेस आणि श्टीफेल यांनी १९५२ मध्ये रैखिक समीकरणांसाठी दिलेली पद्धत फ्लेचर व रीव्हज यांनी १९६४ मध्ये अरैखिक फलनांना लावली.

पहिले पाऊल ग्रेडियंटच्या उलट दिशेने पडते. पुढे दर वेळी नव्या ग्रेडियंटच्या उलट सदिशात मागच्या दिशेची बीटापट मिळवतात; बीटा ही दर पावलाला नव्याने काढायची संख्या, तिची सूत्रे पुढे येतील. प्रत्येक पाऊल त्या दिशेवर फलन सर्वांत कमी होईल तिथपर्यंत टाकतात. (क्ष² + १०य²)/२ हे फलन घेऊन (१०, १) पासून निघू. पहिल्या पावलानंतर आपण (८.१८, −०.८२) वर येतो, बीटा ०.६७ निघतो आणि दुसरे पाऊल थेट (०, ०) वर पडते. नुसता तीव्रतम उतार धरला, म्हणजे दर वेळी ग्रेडियंटच्या उलट दिशेनेच गेलो, तर घळीच्या दोन काठांवर आपटत २० पावलांनंतरही क्ष ०.१८ वर असतो. असे द्विघाती नसलेल्या सर्वसाधारण फलनात इतकी नेमकी सुटका अर्थातच नाही.

खरा फायदा मेमरीचा. समजा, गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या भरती-ओहोटीचे मॉडेल मोजलेल्या पाणीपातळीशी जुळवायचे आहे आणि १ लाख चौकटींत तळाचे घर्षण अज्ञात आहे. पूर्ण हेसियन आव्यूहाला (दुसऱ्या आंशिक विकलजांच्या चौकोनी कोष्टकाला) ८० गिगाबाइट लागतील. इथे मात्र प्रत्येकी ०.८ मेगाबाइटचे चार-पाच सदिश पुरतात. ग्रेडियंटसाठी अ‍ॅडजॉइंट मॉडेल, म्हणजे सर्व चलांबाबतचा ग्रेडियंट एकदम देणारे जोडमॉडेल, काळात उलटे चालवतात. तो कोड आधी फरक-भागाकाराने (चल किंचित बदलून, फलनातला फरक त्या बदलाने भागून) तपासावा. पुढची बरीच डोकेदुखी टळते.

फ्लेचर-रीव्हजमध्ये बीटा म्हणजे नव्या व जुन्या ग्रेडियंटच्या लांबींच्या वर्गांचे गुणोत्तर. दिशा ग्रेडियंटला जवळजवळ काटकोनात गेली की पाऊल नगण्य पडते, ग्रेडियंट बदलत नाही, बीटा १ च्या आसपास येतो आणि पुढची दिशाही तशीच वाईट निघते. गाडी रुतते ती अशी. पोलाक-रिबिएर (१९६९) सूत्राच्या अंशात नवा ग्रेडियंट आणि दोन ग्रेडियंटमधला फरक यांचा गुणाकार असल्याने अशा वेळी बीटा आपोआप शून्याकडे जातो. मात्र अबहिर्वक्र (एकाच वाटीसारखा आकार नसलेल्या) फलनांवर तेही चक्रात अडकू शकते, हे पॉवेल यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणून ऋण बीटा आला की शून्य धरतात. व्यवहारात सुरुवात याच रूपाने करावी.

बिघाड बहुधा लाइन सर्चमध्ये, म्हणजे ठरलेल्या दिशेने किती लांब पाऊल टाकायचे याच्या शोधात असतो. पाऊल पुरेसे चांगले आहे का हे वुल्फ अटी ठरवतात: पहिली फलन पुरेसे घटले का ते पाहते, दुसरी त्या दिशेतला उतार पुरेसा कमी झाला का ते. दुसऱ्या अटीचा स्थिरांक क्वासी-न्यूटन पद्धतींत (ग्रेडियंटांवरून हेसियनचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतींत) ०.९ चालतो, इथे ०.१ ठेवावा, पहिलीचा ०.०००१. ढिला शोध घेतला की नवी दिशा चढाचीही निघू शकते, तेव्हा बीटा शून्य करून नव्याने सुरुवात करतात. लागोपाठचे ग्रेडियंट परस्परांना लंब राहिले नाहीत तरीही तेच.

घर्षणगुणांक ०.००२५ आणि खोली ५ मीटर अशी चले एकत्र असतील तर आधी मापनश्रेणी सारखी करावी; नाहीतर कुठलेच सूत्र हात देत नाही. थोडी जास्त मेमरी परवडत असेल तर एल-बीएफजीएस ही मर्यादित मेमरीची क्वासी-न्यूटन पद्धत सहसा कमी फलन-मूल्यांकनांत काम उरकते.