विंचेस्टर १८८७: काडतूस बसतं म्हणून उडवू नका

अमेरिकेतल्या आमच्या दुकानात ही लिव्हरची (चापाजवळचा दांडा ओढून काडतूस भरायची) बंदूक घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बारा बोअरच आहे ना, मग बाजारातली काडतुसं का नाही चालणार?"

बसतात हो, तिथंच घोळ आहे. बोअर हे नळीच्या रुंदीचं माप. काडतूस बसतं तो खाना म्हणजे चेंबर, आणि १८८७ मॉडेलच्या बारा बोअरमध्ये ते २ ५/८ इंच लांब, म्हणजे जेमतेम ६७ मिलिमीटर. आजचं नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं, पण हे माप तोंड उलगडल्यावरचं. न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आत अलगद सरकतं. चाप ओढला की दुमड उघडायला जागा पुरत नाही, कडा पुढच्या निमुळत्या भागात शिरतात, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो.

चेंबर वाढवून घेतलं तरी काडतुसातल्या दारूचा प्रश्न उरतोच. जॉन ब्राउनिंगने ही बंदूक काळ्या दारूसाठी आखली. आजच्या काडतुसांतल्या, जास्त दाबाच्या बिनधुराच्या दारूसाठी विंचेस्टर कंपनीने १९०१ मध्ये मजबूत मॉडेल काढलं, तेही फक्त दहा बोअरमध्ये. १८८७ मॉडेलमध्ये बिनधुराची दारू नकोच, "हलकी" म्हणून विकतात तीसुद्धा.

काडतुसं घरी भरणार असाल तर २ १/२ इंची पितळी केस (काडतुसाचं रिकामं कवच) घ्या. पितळेची भिंत पातळ असते, त्यामुळे दारूवर आणि छर्ऱ्यांवर बसवायच्या बारा बोअरच्या चकत्या आत सैल पडतात. अकरा बोअरच्या, म्हणजे किंचित मोठ्या, लागतात (बोअरचा आकडा लहान तितकं माप मोठं). चकत्या पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या. आजच्या काडतुसांत छर्ऱ्यांखाली असतो तो प्लास्टिकचा कप वितळून नळीला चिकटतो आणि खरवडता खरवडता जीव जातो. दारूची मात्रा काळ्या दारूच्या छापील तक्त्यातूनच, अंदाजाने नाही. दारू आणि चकती यांच्यात पोकळी राहू देऊ नका.

सगळ्यात वरची चकती कडेने गोंद लावून पक्की करा. दुनळीत ढिली चकती एकवेळ खपते. इथे नळीखालच्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसं एकामागे एक असतात आणि प्रत्येक वेळी बार उडाला की उरलेली सगळी हादरतात. चकती सुटली की छर्रे आतल्या यंत्रात सांडतात आणि लिव्हर अर्ध्यावर अडकते. ती सोडवायला अख्खी बंदूक खोलावी लागते, आणि तिचे जुने स्क्रू फार रुसके.

काळ्या दारूची काजळी ओलावा ओढते. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, मग तेल.

नळीवर पिळाची नक्षी दिसली तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडून केलेली नळी. तशी बंदूक आम्हाला दाखवल्याशिवाय उडवू नका. चेंबर मोजून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. बंदूक रिकामी करून आणा.