नळजोडणीतील ठोके व त्यांचे निदान

घरातील पाण्याच्या पाइपांतून अवचित येणारे धडधड, ठणठण किंवा टकटक असे आवाज. त्यांची कारणे मोजकीच असतात : वाहते पाणी एकदम अडणे, पाइप सैल असणे, पाइप तापून लांबणे, पाइपांत हवा अडकणे आणि नळाच्या किंवा व्हॉल्व्हच्या आतला एखादा भाग थरथरणे. मात्र कानाला हे आवाज बरेचसे सारखे लागतात आणि त्यांवरचे उपाय काही वेळा एकमेकांच्या अगदी उलट असतात. त्यातच धातूच्या पाइपमधून आवाज दूरवर जातो. त्यामुळे तळमजल्यावरच्या व्हॉल्व्हचा ठोका चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या भिंतीत वाजल्यासारखा वाटतो आणि वरच्या बिऱ्हाडावर मध्यरात्री खलबत्ता कुटल्याचा आळ येतो. म्हणून आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हा प्रश्न निदानात आधी विचारावा लागतो.

यांपैकी सर्वांत जोरकस ठोका जलाघाताचा असतो. प्लंबर त्याला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. वेगाने वाहणारा पाण्याचा स्तंभ नळ किंवा व्हॉल्व्ह बंद झाल्याने क्षणात थांबला, की त्याची गती दाबात बदलते आणि ही दाबाची लाट बंद टोकापासून मागे धावत जाते. लोखंडी किंवा तांब्याच्या पाइपमध्ये तिचा वेग सेकंदाला १,२०० मीटरच्या आसपास असतो. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी तेथे एकदम थांबले, तर आधीच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोग्रॅमची भर पडू शकते. प्लॅस्टिकचे पाइप किंचित फुगतात, त्यामुळे लाट मंदावते आणि दाबाची वाढ धातूच्या पाइपच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. पण तेच पाइप लवचीक असल्याने जागेवरून अधिक हलतात. ‘एकदम’ या शब्दालाही येथे नेमका अर्थ आहे. लाट पाइपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्याआधी व्हॉल्व्ह बंद झाला, तरच पूर्ण धक्का बसतो. १२ मीटर लांबीच्या लोखंडी पाइपमध्ये हा अवधी सेकंदाचा पन्नासावा भाग एवढाच असतो. म्हणून आखूड पाइपवर हाताने बंद केलेला नळ सहसा निमूट राहतो आणि लांब, सरळ पाइपच्या टोकाचा नळ कुरकुरतो.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठा यंत्रणेत प्रयोग करून या दाबवाढीचे सूत्र मांडले. त्याच्या कितीतरी आधी, १७७२ मध्ये, इंग्लंडमधील चेशायर परगण्यात जॉन व्हाइटहर्स्ट यांनी हाच धक्का कामाला लावला होता. स्वयंपाकघराचा नळ बंद केला, की अडलेले पाणी एका झडपेतून हवेच्या भांड्यात शिरे आणि तेथून वरच्या टाकीत चढे. १७९६ मध्ये फ्रान्समध्ये जोझेफ माँगोल्फिये यांनी हे यंत्र स्वयंचलित केले. तोच हायड्रॉलिक रॅम डोंगराळ भागांत विजेवाचून पाणी चढवण्यासाठी आजही वापरला जातो.

महाराष्ट्रातील शहरी इमारतींत पाणी बहुधा गच्चीवरच्या टाकीतून उताराने येते. उंचीच्या दर १० मीटरमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब तयार होतो. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर दाब जेमतेम आणि नळ मंद असतो, तर खालच्या मजल्यांवर दाब, पाण्याचा वेग आणि ठोके हे सर्वच वाढते. वरच्या मजल्यावर प्रेशर पंप बसवला, की ही सूट संपते. जुना, चार-पाच वेढे फिरवून बंद होणारा नळ पाण्याला थांबायला वेळ देत असे. पाव फेरीत बंद होणारा आजचा नळ तो देत नाही. वॉशिंग मशीनमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तर सेकंदाच्या अल्पांशात मिटतो. मशीन पाणी घेणे थांबवते नेमक्या त्याच क्षणी एकच दणका बसत असेल, तर निदान तेथेच संपते.

घरात कोणीही पाणी वापरत नसताना दिवसातून ठरावीक वेळी एकच मोठा दणका येत असेल, तर पंपाच्या मोटारीवर संशय घ्यावा. मोटार बंद झाली तरी टाकीकडे चढणारे पाणी जडत्वामुळे क्षणभर वर जात राहते, मग थांबते आणि उलट फिरते. पाणी परत पंपात येऊ नये म्हणून बसवलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप त्याच वेळी मिटायला हवी. ती जड, गंजलेली किंवा नुसती लोंबती असेल, तर उलट्या पाण्याला वेग येईपर्यंत उघडीच राहते आणि मग पाण्याच्या भारासकट बैठकीवर आदळते. हा ठोका सगळ्या इमारतीला ऐकू जातो. स्प्रिंगची झडप पाणी उलटण्याच्या सुमारासच मिटते, म्हणून ती बसवल्यावर दणका बहुधा ओसरतो.

टाकीतला बॉल कॉक वेगळाच ताल धरतो. टाकी भरत आली, की पडणाऱ्या पाण्याच्या लाटांवर चेंडू खालीवर होतो, व्हॉल्व्ह किंचित उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि प्रत्येक मिटण्यासरशी पाइपला छोटा धक्का बसतो. असा दहा-वीस ठोक्यांचा पट्टा टाकी पूर्ण भरली की आपोआप थांबतो. येणारे पाणी पाइप लावून पृष्ठभागाखाली सोडले, तर लाटा कमी होतात.

गरम पाण्याच्या पाइपची टकटक निराळी : बारीक, सावकाश, गीझरचे पाणी सोडल्यावर सुरू होणारी आणि नळ बंद केल्यावरही काही मिनिटे चालणारी. सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा) १० मीटर पाइप ४० अंश सेल्सिअसने तापला, तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबतो. भिंतीत तो घट्ट आवळलेला असेल, तर अडून अडून सरकतो आणि प्रत्येक सरकीला टक् असा आवाज होतो. येथे क्लॅम्प थोडा ढिला करून पाइपला सरकू द्यावे लागते. जलाघाताने आपटणाऱ्या पाइपचा क्लॅम्प मात्र घट्ट करावा लागतो. निदान न करता क्लॅम्प आवळत सुटलेला कारागीर म्हणूनच एक आवाज घालवून दुसरा आणू शकतो. आवाज खुद्द गीझरच्या टाकीतून खदखदल्यासारखा येत असेल, तर दोष पाइपचा नसतो. बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांचा थर साचतो, त्याखाली अडकलेले पाणी उकळते आणि त्याचे बुडबुडे फुटतात.

पाणी दिवसातून एक-दोन तासच येते तेथे, किंवा टाकी कोरडी पडून पुन्हा भरल्यावर, पाइपांत हवा राहते. तिचा आवाज नळ उघडताना येतो, बंद करताना नव्हे : नळ फसफसतो, थुंकतो, पाइप हादरतो आणि थोड्या वेळाने सगळे शांत होते. टाकीतून उतरणाऱ्या पाइपवर गच्चीत उभा केलेला उघडा नळकांडा याच हवेला वाट देण्यासाठी असतो. पावसाचे पाणी जाईल म्हणून कोणी तो बुच मारून बंद केला असेल, तर तक्रारीचे मूळ तेथे सापडते. नळ अर्धवट उघडला असतानाच येणारी घुंई किंवा थरथर मात्र आतले वॉशर ढिले झाल्याची खूण असते आणि ती स्वस्तात मिटते.

प्रत्यक्ष तपासणीला हत्यारे फारशी लागत नाहीत. दोन-तीन दिवस आवाजाची वेळ टिपून ठेवावी आणि तिच्या शेजारी त्या वेळी काय चालू होते तेही लिहावे. नंतर घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा. तरीही ठोके चालूच राहिले, तर मूळ घराबाहेर, मोटारीत, टाकीत किंवा शेजारी आहे. कॉक बंद केल्यावर ते थांबले, तर तो पुन्हा उघडून एकेक नळ आधी झटकन आणि मग अगदी सावकाश बंद करून पाहावा. सावकाश बंद केल्यावर ठोका नाहीसा होत असेल, तर तो जलाघातच. उघड्या पाइपवर दुसऱ्याने तळहात ठेवला, तर धक्का कोठे जोरात बसतो हे कळते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पाइपला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली, तर प्लॅस्टरखालचा पाइपही बऱ्यापैकी ऐकू येतो. भिंत फोडण्याची वेळ यानंतर क्वचितच येते.

जलाघाताकडे केवळ गोंगाट म्हणून पाहणे चुकीचे आहे, कारण तोच धक्का सांधे सैल करतो आणि बेसिनखालच्या लवचीक नळ्यांचे आयुष्य घटवतो. खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे हा मुळावरचा उपाय होय. एकट्या वॉशिंग मशीनचा त्रास असेल, तर तिच्या नळापाशी धक्का शोषणारे बंद उपकरण पुरते. त्यात दट्ट्या हवा आणि पाणी वेगळे ठेवतो. पूर्वी याच कामासाठी नळाजवळ वर बंद असलेला पाइपचा उभा तुकडा सोडत, त्यातली हवा उशीसारखी दबे. पण ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते, तुकडा पाण्याने भरतो आणि गेलेला ठोका परत येतो. अशा वेळी नवे काही बसवण्याआधी मुख्य कॉक बंद करावा आणि वरचे व सर्वांत खालचे नळ उघडून पाइप पूर्ण रिकामे करावेत, म्हणजे तुकड्यात पुन्हा हवा भरते.