कायोटी नियंत्रण (गुरांच्या चराऊ रानांतील)

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील चराऊ रानांत कायोटी या हिंस्र श्वापदापासून वासरे वाचवण्यासाठी केली जाणारी शिकार आणि सापळ्यांचा वापर. कायोटी (कॅनिस लॅट्रान्स) हा श्वानकुळातील प्राणी आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असतो. वजन साधारणपणे १० ते २० किग्रॅ. भरते. मूळचा तो पश्चिमेकडील गवताळ मैदानांचा व वाळवंटांचा रहिवासी. गोऱ्या वसाहतकारांनी लांडग्यांचा जवळजवळ नायनाट केला आणि जंगले तोडून शेते व कुरणे केली. त्यामुळे मोकळी झालेली जागा विसाव्या शतकात कायोटीने व्यापली. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आणि पूर्वेस अटलांटिक किनाऱ्यापर्यंत आढळतो. शतकभराहून अधिक काळ माणूस ज्याच्या मागे लागला, त्याचाच मुलूख वाढत गेला, हे लक्षात ठेवल्याखेरीज या विषयातले वाद नीट कळत नाहीत.

कायोटीचा मुख्य त्रास मेंढपाळांना होतो. गुरांच्या बाबतीत धोका असतो तो नुकत्याच जन्मलेल्या वासरांना, आणि तोही बहुधा पहिल्या काही दिवसांत. गाय व्याल्यावर पडणारी वार आणि मेलेली वासरे खाण्यासाठी कायोटी विणीच्या कुरणाभोवती घुटमळतात. पहिलारू कालवड अडली असेल किंवा वासरू अर्धवट बाहेर आले असताना आडवी झालेली असेल, तर त्या वेळी दोघांवरही हल्ला होऊ शकतो. जगलेल्या वासरांपैकी काहींच्या शेपटीचे टोक चावून तोडलेले दिसते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०१० साली देशात दगावलेल्या गुरावासरांपैकी सुमारे ५.५ टक्के हिंस्र प्राण्यांनी मारली होती; ही संख्या २ लाख २० हजारांच्या आसपास असून त्यांतील निम्म्याहून अधिक कायोटीच्या नावावर होती. श्वसनाच्या विकारांनी मेलेली जनावरे याच्या कितीतरी पट होती. तरीही हा आकडा क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही, कारण नुकसान सारखे वाटले जात नाही. शेजारी शेजारी असलेल्या दोन रानांपैकी एकात वर्षानुवर्षे काहीच घडत नाही, तर दुसऱ्यात एकाच हंगामात पाठोपाठ वासरे जातात. अशा मालकाला राष्ट्रीय सरासरी सांगून काय उपयोग?

नियंत्रणाचे खरे काम मेलेल्या वासराची तपासणी करण्यापासून सुरू होते. कायोटी मढे खाताना दिसला म्हणजे त्यानेच वासरू मारले, असे होत नाही. अनुभवी माणूस आधी कातडे सोलतो. जिवंतपणी चावा बसला असेल तर त्याखाली रक्त साकळून काळेनिळे झालेले दिसते. मेल्यानंतरच्या चाव्याखाली तसे दिसत नाही. मग खूर पाहतात. नवजात वासराच्या खुराला मऊ, पांढुरके आवरण असते आणि चार पावले चालले की ते झिजू लागते. ते जसेच्या तसे असेल तर वासरू उभेच राहिले नव्हते. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला आणि तो तरंगला, तर वासराने श्वास घेतला होता. गडद लाल असून बुडाला, तर ते बहुधा मेलेलेच जन्मले. पोटात चीक सापडला तर ते आईला प्यायले होते. चाव्यांची जागाही बोलकी असते. मेंढीचा गळा धरणारा कायोटी वासराला पुष्कळदा मागच्या बाजूने, शेपटीच्या मुळाशी व मांड्यांवर धरतो. मोकाट कुत्री मात्र अंगभर लचके तोडतात, अनेक जनावरे जखमी करतात आणि खातात थोडेच. गावातल्या कुत्र्यांच्या पापाची शिक्षा कायोटीला होऊ नये आणि वासरे मात्र जातच राहू नयेत, यासाठी ही अर्ध्या तासाची मेहनत अत्यंत आवश्यक आहे.

सापळ्यांत सर्वाधिक वापरला जातो तो पाय पकडणारा पोलादी सापळा. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा समूहाच्या (एकत्र राहणाऱ्या एका धार्मिक वसाहतीच्या) स्यूएल न्यूहाउस यांनी असे सापळे मोठ्या प्रमाणावर बनवले. जुन्या काही सापळ्यांना दाते असत. आजच्या सापळ्यांचे जबडे गुळगुळीत असतात; काहींना रबराची पट्टी असते, तर काहींत मिटल्यावरही थोडी फट राहते. साखळीत फिरत्या कड्या बसवल्याने पकडलेल्या पायाला पीळ कमी बसतो. मांडणीची नेहमीची रीत अशी : वाऱ्याची दिशा पाहून जमिनीत तिरपे, वीतभर खोल भोक पाडायचे, त्यात कुजके मांस किंवा वासाचे आमिष ठेवायचे आणि भोकाच्या पुढ्यात सापळा पुरून वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यायचा. एखाद्या लहान प्राण्याने अन्न पुरून ठेवले आहे, असे कायोटीला वाटले पाहिजे. सापळा आधी उकळून रंगवतात व मेणात बुडवतात. हातात रबरी मोजे घालतात आणि गुडघ्याखाली कापड अंथरतात, कारण माणसाचा वास आला तर म्हातारा कायोटी त्या जागेला वळसा घालून निघून जातो. ज्या तबकडीवर पाय पडताच सापळा मिटतो, तिचा ताण वाढवून ठेवला तर स्कंक (दुर्गंधी फवारणारा एक लहान प्राणी) किंवा छोटा खोकड वरून गेला तरी सापळा मिटत नाही.

कुरणातल्या सापळ्यांची एक खास अडचण असते. गुरे चौकस असतात. ताजी उकरलेली माती दिसली की ती जमून हुंगतात, तुडवतात, प्रसंगी स्वतः अडकतात. म्हणून पाण्याच्या टाक्या, मिठाच्या ढेपा आणि गुरांच्या पायवाटा टाळून कुंपणाच्या पलीकडे सापळे लावतात. कुंपणाखाली कायोटीने येण्याजाण्यासाठी केलेल्या वाटेवर तारेचा फासही टांगतात. त्यासाठी ती वाट कायोटीचीच आहे याची खात्री हवी. तारेच्या काट्यावर अडकलेले केस हा तिचा पुरावा. मोठ्या जनावराने जोर लावताच तुटेल असा जोड फासाला ठेवल्यास हरीण किंवा वासरू निसटू शकते. सापळा किती तासांनी पाहावा याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. दिवसातून एकदा तरी पाहणे माणुसकीचे आहे, आणि जिथे कायदा याहून अधिक मुदत देतो, तिथे जनावराच्या यातनांचा विचार कमी पडला असे म्हणावे लागते.

बंदुकीने शिकार करताना सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढून कायोटीला जवळ बोलावतात. तो बहुधा वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घेत येतो, त्यामुळे शिकाऱ्याला ती बाजू मोकळी दिसेल अशी जागा निवडावी लागते. जानेवारी ते मार्च या जुगण्याच्या काळात कायोटीच्या ओरडण्याची नक्कल अधिक चालते. विस्तीर्ण रानांत लहान विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून, विशेषतः जमिनीवर बर्फ असताना, गोळ्या घालतात. त्याला १९७१च्या संघीय कायद्यानुसार परवाना लागतो. अगदी खालून उडणाऱ्या या विमानांच्या अपघातांत सरकारी कर्मचाऱ्यांचेही प्राण गेले आहेत.

सरकारी मोहिमांचा इतिहास मुख्यतः विषाचा आहे. १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनासाठी निधी मंजूर केला आणि १९३१च्या कायद्याने या कामाला कायमचे अधिष्ठान मिळाले. स्ट्रिक्नीन, थॅलियम व सोडियम फ्लुओरोअॅसिटेट (‘१०८०’ या नावाने ओळखले जाणारे विष) घातलेले मांस रानोमाळ पसरले गेले. विष भक्ष्य निवडत नाही. १९७१ साली वायोमिंगमध्ये थॅलियममुळे गरुड मेल्याचे उघडकीस आल्यावर देशभर संताप उसळला. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी संघीय जमिनींवर अशा विषांना मनाई केली आणि पर्यावरण संरक्षण संस्थेनेही त्यांची नोंदणी रद्द केली. पुढे सोडियम सायनाइड तोंडात फवारणारे ‘एम-४४’ हे उपकरण पुन्हा वापरात आले. २०१७ साली आयडाहोतील पोकाटेलोजवळ त्याने एक मुलगा जखमी झाला व त्याचा कुत्रा मेला. २०२३ मध्ये संघीय भूव्यवस्थापन विभागाने आपल्या जमिनींवर त्याला बंदी घातली. हे सरकारी काम आज कृषी खात्याची ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ ही शाखा करते. तिच्याकडून दरवर्षी मारल्या जाणाऱ्या कायोटींची संख्या कित्येक हजारांत असते.

एवढे मारूनही कायोटी कमी का होत नाहीत? त्यांच्या टोळीत सामान्यतः एकच जोडी विते. ती मेली की हद्द रिकामी होते, शेजारून तरुण कायोटी येतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे भक्ष्य वाढल्याने अधिक पिल्ले जगतात. गाय कोनॉली व विल्यम लाँगहर्स्ट यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले, तरी त्यांचा नायनाट होण्यास ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. शेपटी किंवा कान आणणाऱ्याला बक्षीस देण्याच्या योजना याच कारणाने फसतात. बक्षिसासाठी माणूस सोपा कायोटी मारतो, आणि तो बहुधा उंदीर-ससे खाणारा, गुरांच्या वाटेला न जाणारा असतो. उलट कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथे मेंढ्यांच्या रानात झालेल्या अभ्यासात कोकरे मुख्यतः त्या हद्दीतली विणारी जोडी मारते आणि नेमकी तीच जोडी काढली तर काही काळ नुकसान थांबते, असे दिसले. वासरांच्या बाबतीतही शहाणपणाची दिशा हीच आहे. मिसूरी व कॅन्सस या राज्यांनी विसाव्या शतकात बक्षिसांऐवजी शेतकऱ्यालाच सापळा शिकवण्याची पद्धत स्वीकारली. आपल्या रानात त्रास देणारा कायोटी त्याने स्वतः पकडावा, हा त्यामागचा विचार अधिक टिकाऊ ठरला.

शिकारीवाचूनचे उपाय साधे आहेत. पहिलारू कालवडींना घराजवळच्या कुरणात वितवावे, सगळ्या गाई थोड्या दिवसांत विततील असा मेळ घालावा, मेलेली जनावरे पुरावीत किंवा उचलून न्यावीत. रानाच्या कोपऱ्यात मढी टाकून देणारा मालक कायोटीला आपणच घरचा पाहुणा करतो. पाळीव गाढवे आणि राखणीची कुत्रीही ठेवतात. गाढवाचा उपयोग मात्र त्या त्या गाढवाच्या स्वभावावर अवलंबून असतो.

कायद्याचे चित्र राज्याराज्यांत निराळे आहे. पश्चिमेकडील अनेक राज्यांत कायोटी वर्षभर मारता येतो. कोलोरॅडोत १९९६ साली व कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर कडक निर्बंध आणले. न्यू मेक्सिकोत २०२२पासून सार्वजनिक जमिनींवर सापळे लावता येत नाहीत. बक्षिसे लावून जास्तीत जास्त कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ साली प्रथम बंदी घातली आणि नंतर व्हरमाँटसह काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. युटामध्ये मात्र हरणांच्या रक्षणासाठी म्हणून २०१२पासून दर कायोटीमागे ५० डॉलर देण्याची योजना आहे.